कोरडा शिधा

महाडला पूर नवा नाही. पाणी बाजारात शिरतं, दुकानदार माल माळ्यावर चढवतात, नदीला दोन शिव्या घालतात आणि पाणी उतरलं की घमेली घेऊन गाळ उपसायला लागतात. पण त्या साली आषाढात पाच दिवस पाऊस धरून राहिला आणि सहाव्या दिवशी सकाळी सावित्रीनं खाडीकाठची गावंच्या गावं पोटात घेतली. मातीच्या भिंती त्या, किती तग धरणार? माणसं पोरंबाळं काखेला मारून उंचवटा दिसेल तिकडं पळाली. त्यातली एक वाडी, पस्तीस उंबऱ्यांची, भैरीच्या टेपावर, देवाच्या त्या टेकाडावर, जाऊन बसली. चारी बाजूंनी पाणी आणि डोक्यावर फाटलेलं आभाळ.

त्या टेपावर महिपती मास्तरांची आक्का होती.

साळूबाई तिचं नाव. आईबाप पटकीनं गेले तेव्हा महिपती चार वर्षांचा होता. तिनं त्याला वाढवलं. दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली, डोईवर भाजीची पाटी घेऊन महाडच्या बाजारात बसली, पण भावाची शाळा चुकू दिली नाही. कुणब्याच्या घरातला पोर मास्तर झाला तो तिच्या जिवावर. पुढं नवरा गेला, मुलगा मुंबईला गिरणीत लागला, आणि सून चंद्रभागा हिच्यासोबत ती वाडीत राहिली. गळ्यात माळ होती. आपल्या हातचं रांधून खायचं, दुसऱ्याच्या चुलीवरचं खायचं नाही, हा नेम तिनं वीस वर्षं चालवला होता. भावाकडं आली तरी आपला तांदूळ पदरात बांधून आणायची. भावजय चिडायची, पण म्हातारी हसून म्हणायची, "अगो, तुझा राग नाय गो, माझी खोड हाय."

आता अशी बहीण पाण्यात अडकल्यावर भाऊ गप्प बसेल? मास्तरांनी शाळेचे वर्ग उघडून दिले, बाकं बाहेर काढली, वाहून आलेली माणसं आत घेतली. गडी धाडून पोलादपूरपासून वरंधपर्यंतच्या वाड्यांना निरोप दिला: खालची माणसं उघडी पडली आहेत, जमेल ते पाठवा. आणि बघा हो, काय माणसं ती! आषाढात डोंगरातल्या घरी तांदूळ म्हणजे सणाचं सामान. रोज नाचणीवर भागवतात. त्यांनी मडक्यातला तांदूळ मडक्यासकट दिला. बायका इरली डोक्यावर घेऊन घाटाच्या वाटेनं चिखल तुडवत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळेची पडवी तांदळानं भरली.

प्रश्न होता न्यायचं कसं, याचा. सरकारी होडी येणार, येणार, असं कचेरीतून दोनदा सांगून झालं होतं. सरकारचं काम ते, वरातीमागून घोडं. शेवटी बंदरावरचा हैदर तयार झाला. छोटी होडी त्याची, मासळीची. "मास्तर, एक खेप मारतो. सा-सात माणसं माघारी आणीन. दुसरी खेप पाणी बघून," तो म्हणाला.

होडी भरायला घेतली तेवढ्यात हैदरची आई खैरुनबी आली. मागं मोहल्ल्यातल्या चार बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, पाटीत फडक्याखाली तांदळाच्या भाकऱ्या. वाफ निघत होती. सकाळपासून साऱ्या मोहल्ल्यातल्या चुली पेटल्या होत्या, माळ्यावरचं सुकं सरपण काढून.

मास्तरांचा चेहरा उतरला. तळ्याच्या पाण्यावरून महाडात डोकी फुटली त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. कुणी कुणाच्या हातचं घ्यावं, कुणी कुणाला शिवावं, यावरून गाव अजून धुमसत होतं. टेपावर तर मराठे, कुणबी, महार, कोळी, सगळेच. मास्तर स्वतः भेद मानणारे नव्हते, खोटं कशाला बोला. पण मदतीवरून नवा तंटा नको, म्हणून त्यांनी चार जाणत्यांना बसवून ठरवून टाकलं होतं: शिजवलेलं काही पाठवायचं नाही. कोरडा शिधा द्यायचा, ज्यानं त्यानं आपल्या हातानं रांधून खावं. कुणाचा धर्म बुडायला नको आणि कुणाचा मानही जायला नको. ठराव इतका नेटका, की ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

"खैरुनबी, मन दुखवून घेऊ नका," मास्तर हात जोडून म्हणाले. "पण तिथं चार जातींची माणसं आहेत. एकानं खाल्ली, दुसऱ्यानं नाही, यावरून उद्या भांडणं लागतील. आणि माझी आक्काच तिथं आहे. तिला मी ओळखतो. ती उपाशी राहील, पण परक्या चुलीवरचं तोंडात घालणार नाही."

"तिथं चूल कुटं हाय, मास्तर?" खैरुनबीनं विचारलं.

"खेड्यातली माणसं ती. तीन दगड मांडतील."

म्हातारीनं पाटीवरचं फडकं नीट केलं आणि आल्या वाटेनं परत गेली. बायका तिच्या मागून गेल्या.

अहो, आठवडाभर पाऊस कोसळतोय! दगड मिळतील, पण त्याखाली घालायचं काय, कपाळ? अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा. बरं, माणूस निष्काळजी म्हणावा तर तेही नाही. तांदूळ, मीठ, मिरच्या, हळद, सगळं घरागणिक वेगळं बांधलं. काडेपेट्यासुद्धा मेणकापडात गुंडाळून दिल्या. एवढं सुचलं, पण सुकं लाकूड काही सुचलं नाही.

हैदर गेला. चार वाजता परत आला तेव्हा होडीत एक दिवस भरत आलेली बाई आणि पाच पोरं होती. काठाला लागता लागता होडी बुडालेल्या आंब्याच्या खोडावर आदळली आणि तळाची फळी फुटली. माणसं वाचली, नशीब. मास्तर कमरेएवढ्या पाण्यात धावले.

"आक्का दिसली?"

"दिसली. तिला चल म्हटलं, तर म्हणाली, आधी पोरं ने."

"काही म्हणाली? मला निरोप?"

हैदर होडीतलं पाणी उपसत राहिला. "बरी हाय म्हणाली," तो खाली बघत बोलला.

मास्तरांना हायसं वाटलं. शिधा पोचला, आक्का बरी आहे. पण फळी ठोकायला दीड दिवस गेला आणि नदीला पुन्हा फुगवटा आला. काठावरून टेप दिसायचं. मास्तर ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. टेपाकडं बघत राहायचे, तिथं धूर दिसतो का म्हणून. धूर काही दिसला नाही. "पावसात कुठला धूर दिसणार," असं ते बायकोला सांगायचे आणि स्वतःचीही समजूत घालायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा ते स्वतः हैदरच्या होडीत बसले. टेपाला लागताच माणसं उठून उभी राहिली आणि बाजूला झाली. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं.

भैरीच्या दगडाशेजारी आक्काला निजवलं होतं. अंगावर चंद्रभागेचं दुसरं लुगडं होतं. आदल्या रात्री हीव भरलं, दातखीळ बसली आणि पहाटे गेली. वाडीचा गावकार हैबती सांगत होता, त्याच्या आवाजात कौतुकच होतं. "मास्तर, तुमचा शिधा आला म्हणून तगलो बघा. चूल काय पेटंना. ओली लाकडं, काड्या संपल्या. मग तांदूळ पावसाच्या पाण्यात भिजवलं आन् मीठ लावून चावलं. म्हातारीला दात नाय, तिला काय चावंना. आता आग्नी द्यायलाबी सुकं लाकूड नाय, म्हणून तुमची वाट बघत व्हतो."

कुणी तरी शिवी द्यावी, अंगावर धावून यावं, असं मास्तरांना फार वाटलं. कुणी आलं नाही. उलट दोघीतिघींनी पाया पडून घेतलं.

ते आक्काच्या उशाशी बसले. तिचे हात थंडगार होते, बोटांच्या भेगा पाण्यानं पांढऱ्या पडल्या होत्या. भाकरीनं ती वाचली असती का? देव जाणे. कदाचित नसतीही. पण पोटात ऊब घेऊन गेली असती, एवढं तर कुणीही सांगेल. मास्तरांच्या मनात मात्र अजून एकच आधार उरला होता, आणि बुडणारा माणूस धरतो तसा त्यांनी तो धरून ठेवला होता. त्यांनी सुनेला विचारलं, "चंद्रभागे, खरं सांग. पाठवल्या असत्या भाकऱ्या, तरी आक्कानं खाल्ल्या नसत्याच ना? तिचा नेम होता. होता ना?"

कुठल्या भाकऱ्या, असं चंद्रभागेनं विचारलं नाही; तिला मोहल्ल्यातल्या पाट्यांचं माहीत होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तिनं एकदा होडीकडं पाहिलं. हैदर पाठ करून उभा होता.

"मामा, नका इचारू."

"सांग गो."

"होडी लागली तवा आत्याबाय चिखलातनं घसरत खाली गेल्या. म्हणाल्या, हैदर, भाकर नाय का रे आणलीस? कुणाच्याबी हातची असू दे. त्यानं सांगितलं, आईनं केल्या व्हत्या, मास्तरांनी माघारी धाडल्या." चंद्रभागेनं आक्काच्या अंगावरचं लुगडं सारखं केलं. "मग त्याचा हात धरून म्हणाल्या, माझ्या महिपतीला हे बोलू नको हां बाबा. त्याला वाटलं असंल, आक्का खायची नाय. त्याच्या जिवाला लागंल."

मास्तर उठले नाहीत. दोन्ही हातांनी आक्काचे पाय धरून ते मोठ्यानं रडले, चार वर्षांच्या पोरासारखे, आणि वाडीतली माणसं बिचारी त्यांना समजावत राहिली, की मास्तर, तुम्ही होता म्हणून आम्ही जगलो.