एक इंची की दोन इंची

रिकामी पिकअप नाक खाली आणि बूड वर करून उभी राहते, जमिनीवर काही सांडलंय का ते हुंगत असल्यासारखी. आधी मला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे रागच यायला लागला, आणि माझा राग तांड्याला ठाऊक आहे.

घाटंजीहून आमच्या तांड्याकडे येताना शेवटी एक नाला लागतो. पाणी घोट्याएवढंही नसतं, पण तांड्याकडची चढण अशी उभी, की चाकं चढायच्या आधीच गाडीचं नाक तिच्यावर आदळतं. सगळा काळा खडक. कुदळ मारली तर दांडा मोडतो, खडक तसाच. म्हणून पिकअप नाल्यापलीकडे थांबायची आणि आम्ही बाया कट्टे डोक्यावर वाहायचो. येणारी तूर डोक्यावर, जाणारी डाळ डोक्यावर. डाळ मिल आम्हा बायांचीच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मग आमच्यातल्याच निकिताचा पाय खडकावरून घसरला. गुडघा सुजून हा एवढा झाला. त्या दिवशी बायांनी ठरवूनच टाकलं, गाडी मिलच्या दारात येत नसेल तर होळीनंतर मिल बंद. मी भांडभांड भांडले. पण निकिताच्या गुडघ्यापुढे माझी जीभ किती चालणार?

माझा नवरा बादल पिकअप चालवतो. एका सकाळी मोबाइलवर काहीतरी पाहून तो हातातला चहा तसाच ठेवून उठला.

"ममता, लेव्हलिंग किट! पुढच्या स्प्रिंगवर लोखंडी ठोकळा बसवतात. गाडीचं नाक वर येते. चढण खल्लास!"

"मंग बसून काहून राह्यले? चाला!"

निघणार तोच सासूबाई आडव्या आल्या. रुपीबाई. आम्ही त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला. तेव्हापासूनचा नेम, लादल्याशिवाय निघायचं नाही आणि रिकाम्यानं परतायचं नाही. बैल गेले, पिकअप आली, पण याडीचा नेम सुटला नाही. घाटंजीच्या दूधवाल्याच्या म्हशींसाठी, तूर भरडून उरलेल्या चुनीचे कट्टे त्यांनी मागे रचून घेतले, वर ताडपत्री बांधली, तेव्हा कुठे वाट सोडली.

घाटंजीत गॅरेज संघर्ष मिस्त्रीचं. त्यानं टेबलावर दोन किट मांडली, एक इंची आणि दोन इंची. बादलनं दोन इंचीवाला ठोकळा असा अलगद उचलला की आमची पोरंसुद्धा त्यानं कधी तशी उचलली नसतील.

"हाच लाव. गाडी कशी वाघावानी दिसन!"

"भाऊ, लागते तेवढंच उचलू," संघर्ष म्हणाला. "जास्त उचललं तं माल भरल्यावर नाक आभाळात जाईन. स्टेरिंग हलकं पडते मंग. गाडी रिकामी हाये ना?"

"रिकामीच हाये," आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो.

संघर्षनं टेप लावून पुढचं माप घेतलं, मागचं घेतलं. "एवढुसाच फरक हाये. एक इंचीत काम होते."

बादलचं तोंड उतरलं. तो माझ्याकडे पाहायला लागला, संघर्षही माझ्याकडेच. मी ठणकावलं, "आपल्याले गाडी मिलच्या दारात पाह्यजे, वाघ नाई. एक इंची लावा."

किट बसलं, चाकांचं अलाइनमेंट झालं. खरं सांगते, मला तर गाडीची मानच ताठ झालेली दिसत होती. दूधवाल्याकडे चुनी उतरवली आणि हॉर्न वाजवत, गाणी म्हणत आम्ही घराकडे सुटलो. आनंदाच्या भरात येताना मागे काही भरायचं असतं, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

नाल्यावर याडीसकट सगळ्या बाया येऊन उभ्या होत्या. निकिता सुजलेला गुडघा धरून दगडावर बसलेली. मी खाली उतरून बाजूला उभी राहिले. बादलनं मला डोळा मारला, गिअर टाकला, गाडी नाल्यात उतरली, चढणीला लागली आणि...

धाड!

त्याच जागी. त्याच खडकावर.

बादलनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं. "म्हणलं नव्हतं मी? दोन इंची घ्यायले पाह्यजे होतं."

"जाऊ द्या वहिनी," निकिता हळूच म्हणाली. "होळीपर्यंत कसंबसं करू आपण."

ती चिडली असती तर मी सोसलं असतं. तिच्या त्या समजूतदारपणानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. निवड माझी होती. मी तणतणत गाडीच्या मागे गेले, टायरला लाथ हाणली, अंगठा ठेचकाळून घेतला. वर पाहिलं तर ताडपत्री सपाट, आणि गाडीचं बूड पुन्हा वर.

"अवो!" मी किंचाळले. "संघर्षनं माप घेतलं तवा मागं चुनी होती!"

"होतीच ना. मंग?"

"मंग गाडी रिकामी कशी?"

बादलनं डोकं उचललं. माझ्याकडे बघितलं, मागच्या हौद्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. चुनीनं मागची बाजू दबलेली होती, म्हणूनच फरक एवढासा निघाला होता. आणि तिला ओझं म्हणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आमच्या तांड्यात निघताना गाडीत एवढं तर असतंच!

"म्हणजे घाटंजीहून रिकामी आणली गाडी?" याडी कडाडल्या. त्यांना किटचं काही पडलेलंच नव्हतं. "लाज नाई वाटली?"

"याडी, तुमी आधी वर चढा!" मी ओरडले. "सगळ्या चढा! निकिताले धरा!"

"आमी? गाडीत?"

"मंग कोन? चढा!"

आयुष्यभर गाड्या भरणाऱ्या बाया एकमेकींना ढकलत, खिदळत, घाबरत हौद्यात चढल्या. मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले, बूड खाली बसलं आणि नाक वर आलं. नुसत्या वजनानं याआधी कधी भागलं नव्हतं, नुसत्या किटनं आज भागलं नव्हतं. आता दोन्ही होतं. बादलनं गाडी मागे घेतली. मी खडकाशी उकिडवी बसून बंपरवर डोळे लावले. ते जवळ आलं, अगदी जवळ.

बंपर खडकाच्या वरून बोटभर अंतरानं गेलं. पुढची चाकं चढली, मागची चढली, आणि हौद्यातून अशी आरोळी उठली की झाडावरची पाखरं उडाली.

"थांबू नका!" मी खालून ओरडले. "मिलच्या दारात न्या! सरळ दारात!"

मी नाल्यात एकटीच राहिले होते, हसत होते आणि डोळ्यांना पदर लावत होते. तेवढ्यात निकितानं फाळक्यावरून वाकून हाक मारली.

"ओ वहिनी! रोज आमाले कुठं बसवता? गाडी तुरीनंच भरून आणा. होळीनंतरची तूर कोणाकडून घ्याची, थे सांगा!"

पदर खोचला आणि मी गाडीमागे चढणीवर पळत सुटले.