तपासणीपुरती बेघर

"आज नाही जमत मावशे. उद्या ये. उद्या तपासणी आहे."

गोकुळनं चॅनल गेट मांजर आत शिरेल एवढंच सरकवलं होतं. बाहेर रुखमाबाई उभी. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत गोधडी आणि पायांवर पांढऱ्या मातीचा थर.

"मले उद्याचं नको सांगू बे. मले आज झोपाले जागा पाह्यजे."

गोकुळ हसला. "तू म्हंजे मावशे, आत्तापासूनच सराव करून राह्यली!"

"सराव नाही. घर पाडलं माझं. खरंच बेघर झाली मी."

तेव्हा कुठे गोकुळचं हसू गेलं. पण गेट तसंच राहिलं.

"कोणं पाडलं?"

"तुमच्याच पालिकेनं. नाल्याच्या काठी आता फुलझाडं लावतेत म्हणे."

गोकुळनं मागे वळून पाहिलं. आत ओळीनं लावलेल्या तीन लोखंडी खाटांवर निळ्या चादरी ताणून बसवल्या होत्या. फरशी ओली होती, फिनेलचा वास येत होता. "हे पाह्य, आतल्यायलेच मी दुपारी बाहेर काढलं. तुले कुठून घेऊ? सकाळी ये, आंघोळ कर अन् मस्त लोळ खाटेवर."

"अन् तपासणी झाल्यावर?"

"ते मंग पाहू."

नगरपालिकेच्या या बेघर निवाऱ्यात रुखमाबाई सगळ्यात जुनी बेघर होती. चार वर्षं. आणि ही चारही वर्षं ती रोज रात्री आपल्या नाल्याकाठच्या टिनाच्या घरात, आतून कडी लावून झोपत होती. भानगड अशी की जिल्ह्याहून समिती आली की तिला दाखवायला बेघर लागतात. खरे बेघर त्या कामाला चालत नाहीत. ते खोकतात, त्यांच्या अंगाला वास येतो, आणि मुख्य म्हणजे विचारलं तर ते सांगून टाकतात. म्हणून निवाऱ्याचा राखणदार गोकुळ वॉर्डातल्या चार-पाच धुतल्या-पुसल्या बाया उचलून आणायचा. रुखमाबाई त्यांची म्होरकी. उभी हयात तिनं हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी थापल्या होत्या. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून जीभ तासून निघाली होती. साहेब समोर आला की ती कधी चाचरत नसे. "जेवण टायमावर भेटते साहेब, गादी मऊ हाय, गोकुळ पोटच्या पोरासारखा पाहते." साहेब खूश, पालिका खूश. रुखमाबाईला पोटभर जेवण आणि नवं लुगडं. लुगडं संध्याकाळी परत द्यायचं असे.

यात कुणाचं काही जातं असं तिला कधी वाटलंच नाही. सरकारची खाट, सरकारचा साहेब. आपण फक्त आडवं व्हायचं.

ती बसस्टँडवर आली तेव्हा दिवे लागत होते. चौकशीच्या खिडकीमागच्या कोपऱ्यात एक तरुण बाई लेकराचे केस विंचरत बसली होती. शेजारी कुबडी टेकून एक म्हातारा. त्यानं रुखमाबाईची पेटी पाहिली आणि न विचारताच सरकून जागा केली.

"बसा बाई. इथं मोकाट कुत्रं येत नाही. उंदरं येतेत, पण ते आपल्यावाणीच गरीब."

म्हाताऱ्याचं नाव उकंडराव. साखरखेर्ड्याच्या बाजारात पोती वाहायचा. पोत्यांची थप्पी पायावर कोसळली आणि काम सुटलं. ती बाई गीता, सुलतानपूरकडची. नवरा दुसरीला घेऊन गेला, घराला कुलूप लावून गेला. तिची लेक काजल पाच वर्षांची. तिघंही निवाऱ्यातच राहत होते.

"मंग इथं काऊन?" रुखमाबाईनं विचारलं.

"उद्या तपासणी हाय ना मावशी," गीता म्हणाली. "तपासणी आली की आमाले बाहेर काढतेत. सकाळी घंटागाडीत बसवतेत अन् दुसरबीडच्या फाट्यावर नेऊन सोडतेत. साहेब गेल्यावर आपल्या पायानं यायचं. मागच्या बारीले काजलले खांद्यावर घेऊन आली मी. गाडीतल्या वासानं ताप भरला होता पोरीले."

"अन् एरवी? खाटेवर झोपता ना?"

उकंडराव खो खो हसला. "खाटेवर! एरवी खाटा त्या मोठ्या खोलीत कुलपात असतेत. आमी संडासाच्या बाजूच्या बोळीत. चादर खराब होते ना बाई, आमी झोपलो की."

गीता फणी थांबवून म्हणाली, "मावशी, तुमी गावातल्या. तुमाले माहीत असंन. आमाले काढल्यावर त्या खाटेवर कोण झोपते हो?"

रुखमाबाईच्या तोंडाला कुलूप लागलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला ते कधी लावताच आलं नव्हतं.

"मी झोपते," ती म्हणाली.

गीतानं काजलला आपल्याकडे ओढून घेतलं. रुखमाबाईला वाटलं, आता ही थुंकणार. थुंकली असती तर तिनं पुसूनही घेतलं असतं. उकंडराव मात्र थोडा पुढे वाकला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरीचं कुतूहल होतं.

"मंग कशी हाय व बाई गादी? आमी कधी बसून पाह्यलंच नाही."

चार वर्षं साहेबांना फडाफडा उत्तरं देणाऱ्या रुखमाबाईनं गोधडी उलगडली आणि तिचं अर्धं टोक म्हाताऱ्याच्या पायांवर टाकलं.

सकाळी घंटागाडी आली, गाणं वाजवत. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा. मागच्या हौदातला कचरा एका बाजूला ढकलून ड्रायव्हरनं जागा केली. काजल टाळ्या पिटत चढली; तिला गाडीत बसायचं तेवढं कळत होतं. उकंडरावाला दोघांनी उचलून ठेवलं. रुखमाबाई गोकुळच्या मोटरसायकलपाशी उभी होती.

"जाय बाई," उकंडराव वरून ओरडला. "गादी कशी हाय ते येऊन सांगजो!"

गाणं कोपऱ्यावरून वळलं आणि विरत गेलं.

निवाऱ्यात लगीनघाई होती. बालकक्षाचं दार उघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी खरेदी केलेला प्लॅस्टिकचा घोडा अजून पन्नीत गुंडाळलेलाच होता. अर्जुनराव कमरेवर हात ठेवून मधोमध उभे. महिला व बालकल्याण समितीच्या सभापती म्हणजे त्यांची बायको, अन्नपूर्णाताई. दारावरच्या पाटीवर नाव ताईंचं, खुर्चीवर बूड अर्जुनरावांचं. ताई कोपऱ्यात पुष्पगुच्छ धरून उभ्या होत्या. दर तपासणीला त्या अशाच उभ्या असत. गुच्छ द्यायचा, मागं सरायचं.

"अबे गोकुळ, लेकरू कुठी हाय?" अर्जुनराव गरजले. "बालकक्ष दाखवाचा, अन् बालक कुठी हाय?"

"काजलले तर घंटागाडीत पाठवलं भाऊ. तुमीच म्हणले, सगळ्यायले काढ."

"मंग मयुरीले आन माझ्या पुतणीले! अन् आहे तशी आनू नको, डब्बल वेण्या घालून आन!"

मयुरी आली. इंग्रजी शाळेचा गणवेश, टाय, चकाकते बूट. जे लेकरू खरोखर उघड्यावर होतं ते कचऱ्यासोबत गेलं आणि जिच्या बापाचे दोन मजले आहेत ती निराधार म्हणून घोड्यावर बसली. या जिल्ह्यात बालकल्याण असं चालतं, आणि ते करणाऱ्यांना रात्री छान झोप लागते.

रुखमाबाईनं आंघोळ केली, लुगडं नेसलं. गोकुळनं तिला बाजूला घेतलं.

"मावशे, भाऊंशी बोललो मी तुह्यासाठी. आज नीट बोलली त खाट तुही. कायमची. उद्यापासून बोळीत नाही, खाटेवर. लेखी नाही, पण शब्द हाय."

रुखमाबाईनं खाटेकडे पाहिलं. पोरगा चाकणला, एका खोलीत सहा जणांत राहतो. त्याच्याकडे जायची सोय नव्हती. बासष्टी उलटली होती. स्टँडवरच्या एका रात्रीनं कंबर धरली होती. ती खाटेवर बसली. गादी खरंच मऊ होती. इतकी वर्षं ती साहेबांना हेच सांगत आली होती, पण बूड टेकून विचार आज पहिल्यांदा केला.

जिल्ह्याच्या मॅडम आल्या. ताईंनी गुच्छ दिला, फोटो झाला. बालकक्षात मयुरीनं "गुड मॉर्निंग मॅम" म्हटलं, मॅडमच्या कपाळावर बारीक आठी पडली आणि गेली. मग त्या रुखमाबाईच्या खाटेपाशी थांबल्या.

"काय आजी, किती दिवसांपासून राहता इथे?"

अर्जुनराव कौतुकानं हसत उभे होते. गोकुळचे ओठ हलत होते, जणू तोच उत्तर देणार होता.

"अर्धा तास झाला असंन," रुखमाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे आंघोळ धरून अर्धा तास. ही खाट माझी नाही मॅडम. ज्याची हाय तो एका पायानं अधू म्हातारा दुसरबीडच्या फाट्यावर बसला हाय. एक बाई हाय अन् तिची पाच वर्षाची पोरगी हाय. तिघायले सकाळी कचऱ्याच्या गाडीत घालून नेलं. तुमी आल्या म्हणून."

मॅडमनी अर्जुनरावांकडे पाहिलं.

"म्हातारी भ्रमिष्ट हाय मॅडम," अर्जुनराव पुढे झाले. "घर पडलं ना काल, डोक्यावर परिणाम झाला. चला, स्वयंपाकघर पाहू."

"चार वर्षं खोटं बोलली तवा मी शहाणी होती," रुखमाबाई म्हणाली, "अन् आज खरं बोलली त भ्रमिष्ट? बालकक्षातली पोरगी कोणाची हाय, विचारा ह्याइले. तिच्या घरी सोफा हाय."

वेण्यावाल्या मयुरीनं आतून ओरडून सांगितलं, "दोन हायेत!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. वॉर्डातून आणलेल्या बायांपैकीच एक असावी. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना अजून दोन गावं करायची होती, एवढंच. "आजी, मी नोंद घेते. योग्य ती कारवाई होईल," असं म्हणून त्या निघाल्या.

"कारवाई तुमच्या सवडीनं करा," रुखमाबाई म्हणाली. "गाडी आत्ता परत बोलवा. मी ह्या खाटेवरून उठत नाही अन् तुमी गेल्या त मी तुमच्या गाडीपुढं येऊन बसते. माझं जाण्यासारखं काही राह्यलं नाही. होतं ते तुमच्या जेसीबीनं नेलं."

"गोकुळ, उचल बे हिले!" अर्जुनराव ओरडले.

गोकुळ एक पाऊल पुढे आला आणि थांबला. बारका होता तेव्हा याच बाईनं ढाब्याच्या मागच्या दारानं त्याला भाकर दिली होती. ते त्याला आठवलं की मॅडमची भीती वाटली, कोण जाणे.

"गोकुळ," कोपऱ्यातून आवाज आला. हा आवाज या खोलीत आजवर कुणी ऐकला नव्हता. "फोन लाव. गाडी बोलव वापस."

"तू गप राय," अर्जुनराव म्हणाले.

"सभापती मी हाव ना?" अन्नपूर्णाताई कोपऱ्यातून पुढे आल्या. "दारावर नाव माझं हाय. गोकुळ, लाव फोन."

गोकुळनं फोन लावला. मॅडम परत फिरल्या, खुर्ची ओढून बसल्या. आता त्यांना जाताही येईना. पोहे थंड झाले. अर्जुनराव बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन करत राहिले आणि मग मोटरसायकल काढून निघून गेले.

दुपार चढल्यावर गाणं ऐकू आलं. ओला कचरा, सुका कचरा. गीता दारात येऊन थबकली; पुसलेल्या फरशीवर पाय ठेवावा की नाही तिला कळेना. काजल मात्र सरळ बालकक्षात गेली. घोड्याला अजून पन्नी होती. तिनं ती दातांनी फाडली. मॅडम ते पाहत होत्या.

रुखमाबाई खाटेवरून उठली. गीताच्या दंडाला धरून तिनं तिला आत आणलं, बसवलं. मग ती दाराकडे पाहत राहिली.

"उकंडराव कुठी हाय?"

ड्रायव्हर गाडीकडे वळला. गीताच बोलली. "फाट्यावर एका ट्रकवाल्याले हात केला त्याइनं. म्हणले, आता नाही येत मी ह्या गावात. घंटागाडीत बसायचं वय नाही राह्यलं. कोणीकडं गेले, माहीत नाही."

मॅडम गेल्या. त्यांच्या अहवालाचं पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. पण त्या दिवशी खाटा कुलपात गेल्या नाहीत. गोकुळनं किल्ली खिशात चाचपली आणि तिथेच राहू दिली. काजल निळ्या चादरीवर आडवी पसरली होती.

संध्याकाळी तो रुखमाबाईपाशी आला. "मावशे, भाऊचा शब्द त गेला आता. पण ते एक खाट रिकामीच हाय. झोप तू तिच्यावर."

"ते त्याची हाय."

"अवो, तो गेला!"

"गेला त येईन. त्याले गादी पाहायची हाय." तिनं अंगावरचं नवं लुगडं केव्हाच घडी करून परत दिलं होतं, आपल्या जुन्यात ती जास्त ताठ दिसत होती. "माझी खाट वेगळी. आतल्या खोलीत चार पडल्या हायेत, मले दिसल्या. एक काढ. रात्र व्हायच्या आत काढ."

गोकुळ आतल्या खोलीकडे गेला. लोखंड ओढल्याचा आवाज येऊ लागला. रुखमाबाईनं रिकाम्या खाटेवरची चादर हातानं नीट केली, उशी थापली. मग पत्र्याची पेटी उचलून ती दाराशी आली आणि चॅनल गेटच्या रुळावर ती पेटी बरोबर मधोमध ठेवली, म्हणजे ते बंद करता येणार नाही.