डावखुरी टोळी

मास्तरांनी भिंग थेट संगणकाच्या पडद्याला लावलं आणि फोटोतल्या कोटांची बटणं तपासली. सगळी उलट्या बाजूला. हातोडेही सगळ्यांच्या डाव्या हातात. रूळ टाकणारी अख्खी टोळी डावखुरी?

चित्रकला शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. जुन्या फोटोची काचेची निगेटिव्ह कोणीतरी पालथी ठेवून स्कॅन केली होती. म्हणजे डावीकडे वळलेला लोहमार्ग खरा उजवीकडे वळत होता, आणि फोटोखाली दिलेलं स्थानक साफ चुकीचं होतं. स्थानक ओळखणाऱ्याचं नाव तिथेच झळकत होतं: मास्तरांचे साडू. सासरची मंडळी त्यांना ‘इंजिनवाले’ म्हणत, आणि तेही कौतुकाने.

रेल्वेच्या जुन्या फोटोंचा हा संग्रह इंटरनेटवर आल्यापासून मास्तरांना सकाळचा चहा गोड लागला नव्हता.

“भावजींनी आणखी एक स्टेशन ओळखलं म्हणे,” भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. “डोकं आहे हो माणसाला.”

“आहे ना. नसायला काय झालं!”

मास्तरांनी चूक सविस्तर लिहिली आणि सगळ्यांना दिसेल अशी फोटोखाली टाकली.

दुपारी साडूंचा फोन आला. मास्तर बाह्या सरसावून बसले.

“मास्तर, काय नजर आहे हो तुमची! मी महिनाभर त्या फोटोला चिकटलो होतो, बटणं दिसलीच नाहीत. आजच बदलतो.”

“राग नाही ना आला?”

“राग कसला? वर्षभर ही स्टेशनं ओळखतोय, कुणी साधी चूकसुद्धा काढत नाही हो. घरात तर उजेडच आहे. ही म्हणते, मास्तरांकडे बघा, कसे टापटीप राहतात, बायकोशी दोन शब्द बोलतात. खरं सांगू? तुमचं नाव निघालं की पोटात दुखतं माझ्या.”

मास्तरांनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. इतकं गोड त्यांच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

“काय म्हणाले भावजी?” फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं.

“चूक कबूल केली.”

“त्याला मन मोठं लागतं,” ती म्हणाली.

मास्तरांनी साडूंचा पुढचा फोटो उघडला. भिंग कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरवलं. चूक नव्हती. खाली त्यांनी ‘अप्रतिम काम’ असं लिहिलं. थोडा वेळ त्याकडे पाहिलं, ‘अप्रतिम’ खोडून ‘ठीक’ केलं आणि पाठवून दिलं.

मग फोन जवळ ओढून घेतला आणि तो वाजायची वाट बघत बसले.