डागांचा पडदा

सूनबाईने जाड कापड पुढच्या खोलीच्या भिंतीवर ताणून ठोकलं आणि मला म्हणाली, "बाबा, हे आता खराब करून द्या."

मी जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. भिंतीवर एखादा डाग राहिला तर घरमालकाआधी माझीच झोप उडायची. आणि घरच्या सुनेला हवे होते डागच.

ती एका दुकानात पासपोर्टचे फोटो काढायची. माणूस बसला, टिपला, पुढचा. ते सोडून तिने घरीच माणसांचे नीट, निवांत फोटो काढायचं मनावर घेतलं होतं. रविवारी पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं, एक वकीलबाई. त्यांना फोटो पसंत पडला तर त्यांच्या कचेरीतली मंडळीही येणार होती. नाही तर दुकानदाराने बजावलंच होतं: सोमवारी कामावर ये, नाही तर मी दुसरी मुलगी ठेवतो.

"फोटोत माणसाच्या मागे ढगाळ आभाळ असतं ना, तसं दिसायला हवं," ती म्हणाली. "मधे उजेड, कडेला अंधार. पण कुठला रंग कुठे संपला ते कळता कामा नये."

शनिवारी सकाळी मी करड्या रंगाचा एक हात मारला. तो वाळल्यावर स्पंजाने गडद आणि फिकट ठिपके दिले. सूनबाईने माझ्या बायकोला पुढ्यात स्टुलावर बसवून फोटो काढला.

"बाबा, डाग रांगेत उभे आहेत. कवायत चाललीय नुसती."

खरंच. वीत-वीत अंतर सोडून एकेक डाग.

"अगं, चपलासुद्धा फूटपट्टी लावून काढतात हे," बायको म्हणाली. "जित्याची खोड!"

मी सगळ्यावर पुन्हा करडा रंग फिरवला. दुसऱ्या खेपेला ठरवून वेडंवाकडं केलं. डाग जरा मोठा वाटला की हात आपोआप जाऊन तो पुसून सारखा करून यायचा. शेवटी पडदा असा झाला की कुठल्याही घरमालकाने पाठ थोपटली असती.

सूनबाईचा चेहरा पडला. "राहू द्या बाबा. चालवून घेऊ."

"चालवूनच घ्यायचं तर दुकान काय वाईट होतं?" मी म्हणालो. "पाणी आण. आणि ते स्पंज उचल इथून."

फडक्याचा बोळा ओला करून रंगात बुडवला. बायकोला म्हणालो, "तू इथे बस आणि माझ्याशी भांड."

"काय?"

"माझं लक्ष हातावर राहता कामा नये. भांड म्हणतो ना!"

"कशावरून?"

"आता तुला विषय मी पुरवू?"

तिने पदर खोचला. "बरं. पोराच्या लग्नात माझ्या भावाला शेवटच्या रांगेत कोणी बसवलं?"

"उशिरा आला तो!"

"उशिरा? जावई म्हणून तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा किती वाजले होते?"

मी उत्तर देत होतो, ती खोडून काढत होती. बोळा कुठे आपटतोय, कुठे घसरतोय, मला भान नव्हतं. मेहुण्याचं नाव निघालं की गडद रंग जोरात बसायचा. सूनबाई मागून ओल्या ब्रशने कडा विरघळवत होती आणि तोंड दाबून हसत होती.

"थांबा!" ती एकदम ओरडली. "बाबा, आता हात लावायचा नाही!"

"तो कोपरा जरा..."

"अजिबात नाही!"

मी हात पाठीमागे बांधले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तो कोपरा डोळ्यांपुढून हलेना, पण उठलो नाही.

रविवारी वकीलबाई आल्या. स्टुलावर ताठ बसल्या, मग हळूहळू खांदे सैल सोडले. फोटो काढून झाल्यावर सूनबाईने कॅमेऱ्यावरच एक फोटो त्यांना दाखवला.

"मी अशी दिसते?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आमच्या ऑफिसातल्या दोघी मंगळवारी मोकळ्या आहेत. चालतील?"

त्या जिना उतरेपर्यंत सूनबाई दारात उभी होती. मग तिने दुकानदाराला फोन लावला.

"नाही साहेब," ती म्हणाली, "उद्या येत नाही. तुम्ही दुसरी मुलगी ठेवा."