वहबाचं घड्याळ

समुद्राकडून धुकं आलं की अलेक्झांड्रियाचे रस्ते मध्येच संपल्यासारखे दिसतात. त्या सकाळी इब्तिसाम रस्त्याच्या कडेला उभी होती आणि फोनवर तीच ओळ पुन्हा उमटत होती : असं ठिकाण सापडलं नाही.

तिनं लिहिलं होतं, 'वहबाचं घड्याळ'. वहबा म्हणजे तिचे वडील; त्यांच्या दुकानावरचं ते मोठं गोल घड्याळ ते गेल्यावर, चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यानंतर उतरवलं होतं. पण तो कोपरा अजून त्याच नावाचा, निदान तिला तसं वाटत होतं. आज दुकानाची किल्ली नव्या मालकाला द्यायची होती. फोन त्या जागी त्याच्या मोबाइलच्या दुकानाचं नाव सुचवत होता. बोट टेकवलं की गाडी दारात.

फोनवरच्या गाड्यांशी तिचं वाकडं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात त्याच धावून आल्या होत्या. घासाघीस नाही, हाका नाहीत, आत थंडगार शांतता. वडील मात्र कुरकुरायचे, "कुठं जायचं तेसुद्धा विचारत नाही हा. मी काय पार्सल आहे?"

त्यांना पिवळी-काळी टॅक्सी लागे. ती जरा हळू झाली की खिडकीतून ठिकाण ओरडायचं. चालकाच्या वाटेवर असेल तर तो थांबतो, नसेल तर मान हलवून पुढं सरकतो. आत बहुधा आधीच कुणी बसलेलं असतं.

ते नाव एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला किल्ली देववणार नव्हती. तिनं फोन पर्समध्ये टाकला.

धुक्यातून पिवळा रंग तरंगत आला. "वहबाचं घड्याळ!" मान हलली, गाडी गेली. त्याची वाट वेगळी होती, की नावच ठाऊक नव्हतं? दुसरीही तशीच गेली. तिसरी थांबली.

"कुठलं घड्याळ, ताई?" चालक तरुण होता.

मागं मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी कडाडली, "अरे, वहबाचं! टॅक्सी चालवतोस की गाढव? मलाही तिथंच उतरायचंय, म्हणून तर नुसतं सरळ चल म्हटलं तुला. बस गं पोरी. टोपलीला टेकू नकोस, ओली आहे."

"पण हज्जा, तिथं घड्याळ कुठंय?"

"माझे दात कुठं आहेत? म्हणून काय तोंड गेलं माझं?"

इब्तिसामला हसू फुटलं. आपण कोण, हे तिनं सांगितलं नाही. काचा खाली होत्या. धुकं आत येऊन मांडीवर बसत होतं, मासळीचा वास आणि म्हातारीची बडबड त्यात मिसळत होती. पुढची सीट रिकामी होती. तिला वाटलं, बाबा तिथंच बसलेत आणि चालकाशी हुज्जत घालताहेत. तिनं नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सीट पुन्हा रिकामी झाली असती.

गाडी हळू झाली. तरुणानं मान वळवली आणि नवा शब्द जिभेवर घोळवावा तसं म्हणाला, "चला, वहबाचं घड्याळ!"

तिनं ते ऐकलं, आणि मगच पर्समध्ये किल्ली शोधायला हात घातला.