रोज परत येणारी पोळी

मी एक जुना, चमक गेलेला स्टीलचा डबा आहे. कप्पे मूळचे चार, आता तीनच उरलेत. पोटावर लाल नेलपॉलिशने काढलेला तेवीस हा आकडा मात्र अजून वाचता येतो. जरीपटका वस्तीच्या मागच्या गल्लीत मैनाबाईंची मेस आहे, तिथल्या फळीवर मी बसून असतो. खरं सांगू मित्रांनो, आता मला बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय भंगारात जाववत नाही.

पत्रा कापून, दाबून, घासून मला एका कारखान्यात घडवलं. तिथून मी इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात आलो. मैनाबाई आणि त्यांचे यजमान बाबनराव नवीन मेससाठी डबे घ्यायला आले होते. मैनाबाईंनी माझ्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि मला उलटं धरलं. एक थेंब सांडला नाही. "हा चांगला आहे," त्या म्हणाल्या. त्यानंतर माझं कोणी कौतुक केल्याचं आठवत नाही.

मेसमध्ये सगळी कॉलेजची मुलं-मुली. कोणी गोंदियाचं, कोणी वणीचं, कोणी उमरेडचं. दुपारी आम्ही डबे त्यांच्या खोल्यांवर जायचो आणि रात्री ती सगळी मेसमध्ये पंगतीला बसायची. वरण, भात, चार पोळ्या आणि एक भाजी एवढंच माझ्या पोटात असायचं. पण या मंडळींना सकाळी तर्री-पोहे हवेत, दुपारी समोसा हवा, आणि परीक्षा आली की नुसती मॅगी. कितीदा मी झाकणही न उघडता तसाच परत आलोय. आधी वाईट वाटायचं, मग सवय झाली. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, पण यांना भूकच कधी लागली नव्हती.

मैनाबाईंची एक रीत होती. परत आलेला डबा त्या स्वतः उघडायच्या. पोळी उरलेली दिसली की दुसऱ्या दिवशी एक कमी, आणि डबा पुसून खाल्लेला दिसला की एक जास्त. रात्री तोच मुलगा समोर बसला की, "काहून गा, पोट बिघडलं का तुह्यं?" असं विचारायच्या. त्यामुळे कोणी उपाशी राहत नसे. पंधरा वर्षं ही रीत बिनबोभाट चालली.

मग कोरोना आला. पहिल्या वर्षी मेस बंदच होती. दुसऱ्या वर्षी काही मुलं प्रॅक्टिकलसाठी परतली आणि पुन्हा सगळं बंद झालं. पंगत बसेना. बाबनराव दुपारी स्कूटरवरून यायचे, फाटकाला डबा अडकवायचे, हॉर्न वाजवायचे आणि निघून जायचे. संध्याकाळी तिथूनच रिकामा डबा न्यायचे. कोणाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

त्या दिवसांत मी दीप्ती नावाच्या मुलीच्या वाट्याला आलो. ती उमरेडची, विणकरांच्या घरची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. मेसमध्ये नवीनच होती, पंगतीला कधी बसलीच नव्हती. तिच्या घरी आई-बाबा दोघंही आजारी पडले होते आणि आईने तिला, "इकडे येऊ नको," असं बजावलं होतं. घरमालक कुलूप लावून कामठीला लेकाकडे गेलेले. त्या वरच्या खोलीत ती, एक कूलर आणि मी, एवढेच होतो.

पहिल्या दिवशी तिने तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथीकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या घरी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नसत. शेजारणीची वाटी आली तर जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी पडायचीच. मेसच्या डब्याला हा नियम लागत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खोलीत साखर नव्हती आणि दुकानं बंद होती. मग तिने मला घासून पुसून लख्ख केलं, चौथी पोळी नीट घडी घालून तळच्या कप्प्यात ठेवली आणि मला फाटकाला अडकवून आली.

मैनाबाईंनी पोळी पाहिली. "या पोरीले चार जात नाहीत वाटते. उद्यापासून तीन टाकते. बाकीच्या पोरायले पुरून नाही राहिलं."

"विचारून पाहू का?" बाबनराव म्हणाले.

"त्यात काय विचारायचं? डबाच सांगून राहिला न."

मी काहीच सांगत नव्हतो, मित्रांनो. मला सांगता आलं असतं तर काय हवं होतं?

तीन पोळ्या गेल्या, त्यातली एक परत आली. मग दोन जाऊ लागल्या. दीप्ती माझं झाकण उघडून म्हणाली, "मावशीकडेही टंचाई असन." आणि त्या दोनांतली अर्धी काढून ठेवली. भात-भाजीही तशीच कमी होत गेली. एकीला वाटायचं, हिला जात नाही. दुसरीला वाटायचं, तिच्याकडे नाही. दोघीही चांगल्या मनाच्या, आणि त्या चांगुलपणात दीप्ती रोज थोडी थोडी वाळत होती. दुपारभर ती पाणी पिऊन पडून राहायची. आईचा फोन आला की उठून बसायची आणि म्हणायची, "जेवली वं आई. पोटभर."

दहाव्या दिवशी तिला ताप भरला. तिने मला उघडलं, भाजीचा वास घेतला, पुन्हा घेतला. तिला वासच येत नव्हता. एक घास तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना. कसंबसं खाली उतरून तिने मला भरल्या पोटीच फाटकाला अडकवलं. आता तरी कळेल, असं मला वाटलं. पण माझ्यात रोजच काही ना काही उरलेलं असायचं, मग आजच्या उरलेल्याचं कोणाला काय वाटणार?

"आज तर हातच लावला नाही. अन्नाले नावं ठेवून राहिली ही," मैनाबाई थकून म्हणाल्या. पहाटेपासून त्या एकट्या चुलीपुढे उभ्या होत्या. "उद्या देऊच नका तिले."

दुसऱ्या दिवशी बाकीचे डबे गेले आणि मी ओट्यावर राहिलो. इतक्या वर्षांत मला रिकामपणाची अशी भीती कधी वाटली नव्हती.

दुपारी फोन वाजला. उमरेडहून दीप्तीची आई, रुख्मिणीबाई, बोलत होती. दम लागत होता तिला. "दीप्ती सकाळपासून फोन नाही उचलून राहिली. जेवते न ती बरोबर?"

"कुठची जेवते, ताई? रोज पोळी वापस येते."

मग ती म्हणाली, "बाई, ते उरलेलं नाही. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं देत नाहीत. ती आपल्या वाट्यातली काढून ठेवत असन."

मैनाबाईंनी लगेच माझ्यात मऊ भात आणि वरणाचं पाणी भरलं, तोंडाला पदर बांधला आणि बाबनरावांच्या मागे स्कूटरवर बसल्या.

फाटकाशी उभ्या राहून त्यांनी चार-पाच हाका मारल्या. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली. दीप्ती गजाला धरून उभी होती.

"तुले पोळ्या पुरत होत्या का वं?"

"हो मावशी," ती म्हणाली.

"खरं सांग, बाई. मी तुह्या आईशी बोलून आली."

दीप्तीने मान खाली घातली. "नाही पुरत. मले रोज भूक लागत होती, मावशी."

मैनाबाई रडल्या. तिथेच, भर उन्हात. मग बाबनरावांनी डॉक्टरांना गाठलं, तपासणी झाली, औषधं आली. पुढचे पंधरा दिवस मी दिवसातून तीनदा त्या फाटकाला लटकलो. हेलपाट्यांत माझा एक कप्पा रस्त्यावर पडून गाडीखाली गेला, पण त्याचं मला दुःख नाही. दीप्ती वाचली, बरी झाली. तिचे आई-बाबाही बरे झाले. मैनाबाई आता डबा उघडून अंदाज बांधत नाहीत. रोज फोन लावून एकेकाला विचारतात, आणि मुलं त्यांना कंटाळतात.

आमच्यासारखी भांडी आपली कहाणी सांगून झाली की शेवटी, मला घासून जपून ठेवा, असं सांगतात. मला आता जपून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमच्या शेजारच्या खोलीत कोणी एकटं राहत असेल, तर दार वाजवून त्याला जेवलास का म्हणून विचारा, आणि तो हो म्हणाला तरी आणखी एकदा विचारा. आणि तुम्ही स्वतः उपाशी असाल तर लाजू नका. दीप्ती शहाणी, शिकलेली मुलगी होती. तरी मला भूक लागते, एवढं म्हणायला तिला अकरा दिवस लागले. मित्रांनो, तुम्ही ते पहिल्याच दिवशी म्हणा.