चुकणाऱ्याची घंटी

दूध करपल्याचा वास बैठकीत आला तेव्हाही इरप्पाच्या मांडीवरचा फोन सांगत होता की त्याची बायको बाणूबाई चुलीपाशीच आहे. वर लिहिलं होतं 'अव्वा', म्हणजे आई, आणि खाली 'चूल'. इरप्पाने लोकर कातायची चाती बाजूला ठेवली, 'अगं' म्हणून हाक मारली आणि उत्तर येईना तेव्हा उठला. सैपाकघरात गॅस भकभकत होता. पातेल्याचा तळ काळा ठिक्कर पडला होता, मागचं दार सताड उघडं होतं आणि बाणूबाईचा पत्ता नव्हता. दूध त्यानेच ठेवलं होतं, आणि जरा बघ म्हणून तिलाच सांगितलं होतं. चाळीस वर्षांची सवय, ती काय एकाएकी सुटते?

त्याने गॅस बंद केला आणि पुन्हा फोन पाहिला. चूल. चुलीपाशी तर तो स्वतः एकटा उभा होता.

 मागच्या दारातून सरळ जावं तर आधी गोठा, मग कडुनिंब, आणि कडुनिंबापलीकडे कठडा नसलेली, पायऱ्यांची विहीर.

बाणूबाई विसरायला लागली त्याला दोन वर्षं झाली. आधी ती मीठ विसरली, मग नातवंडांची नावं, मग स्वतःचं घर. मंठाळच्या शेवटच्या गल्लीतलं हे घर सोडून ती दोनदा निघून गेली होती. दुसऱ्या वेळी सापडली ती विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून बसलेली. इरप्पाने मागून जाऊन तिचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं. त्या दिवसापासून त्याची झोप गेली ती गेलीच.

म्हणून दिवाळीला मुलगा योगीराज पुण्याहून तीन पांढऱ्या डब्या घेऊन आला. एक बैठकीत लावली, एक चुलीपाशी, एक गोठ्यात, आणि आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं. आई ज्या डबीच्या जवळ असेल घड्याळ ती डबी धरील, आणि डबीचं नाव अप्पांच्या फोनवर येईल. डब्यांचा हात कडुनिंबापर्यंतच पोचतो. आई त्याच्या पलीकडे गेली की नाव काळपट पडेल, तेव्हा पळत सुटायचं.

"माणसाला घंटी बांधायलास व्हय रं?" असं इरप्पा तेव्हा म्हणाला होता. त्याचा जन्म मेंढरांमागे गेलेला. कळपात एखादं मेंढरू वाट सोडणारं निघालं की त्याच्या गळ्यात घंटी बांधायची, हा धनगराघरचा पिढीजात रिवाज. पण बायको म्हणजे काय मेंढरू?  सूनबाई तेजश्रीने सासूच्या मनगटावरचा पट्टा एक घर सैल केला.

पुढे इरप्पालाच त्याची गोडी लागली. एके काळी दीडशे मेंढरं दिवेलागणीला जोडीजोडीने मोजून तो वाघराच्या जाळीत घेत असे आणि कधी एकही कमी भरलं नव्हतं. आता गोठ्यात चार मेंढ्या आणि एक पोरकं कोकरू उरलं होतं, आणि मोजायला एकटी बाणूबाई. चातीचे दोन फेरे झाले की फोन बघायचा. आज तासभर त्याने असंच मोजलं होतं आणि फोनने तासभर त्याला फसवलं होतं.

तो दारातूनच ओरडला. मग गोठ्याकडे दोन पावलं गेला, परत आला, आणि मुलाला फोन लावला.

योगीराज कामावर होता. त्यानेही आपल्या फोनवर पाहिलं आणि आई चुलीपाशीच दिसतेय म्हणाला. इरप्पाने सांगितलं की मी चुलीपाशीच उभा आहे आणि ती नाही.  योगीराज भराभर समजावू लागला. घड्याळ कधी कधी असं करतं. सकाळी जी डबी धरली ती सोडतच नाही. दुसरी अगदी उशाला असली तरी तिच्याकडे बघत नाही, लांबच्याच डबीला लोंबकळत राहतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण इरप्पाला तेव्हा म्हणी आठवण्याची शुद्ध नव्हती.

"अप्पा, चुलीजवळच्या डबीचं बटन बंद करा. मग घड्याळाला दुसरी डबी धरावीच लागतीय. अव्वा गोठ्यात असली तर गोठा म्हणून येईल."

"अन् न्हाई आलं तर?"



इरप्पाने बटणावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. आत्ता निदान फोन म्हणत होता की ती घरात आहे. खोटं का होईना, घरात आहे. बटण दाबलं आणि नाव काळपट पडलं ते पडलंच, तर? मग ती विहिरीकडे गेली एवढं एकच खरं उरणार. दाबलं नाही तर ते खरं होणार नाही, असं त्या म्हाताऱ्या जिवाला वाटून गेलं. भ्यालेलं मन लहान पोरासारखं वागतं.

त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

डबीचा निळा दिवा गेला. फोनवर 'अव्वा' काळपट झालं. इरप्पा उभ्या उभ्या भिंतीला टेकला.  बिरोबाचं नाव घ्यायला गेला तर तेही ओठांवर येईना. मग अक्षरं पुन्हा उजळली आणि खाली नाव आलं. गोठा.

"आली, गोठ्यात हाय," म्हणत तो फोन हातात घेऊनच धावला. गुडघे दुखतात हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

गोठ्यात चार मेंढ्या रवंथ करत होत्या. कोपऱ्यात पोरकं कोकरू उभं होतं आणि त्याच्या गळ्यात बाणूबाईचं घड्याळ होतं. पट्टा शेवटच्या घरात नीट, घट्ट बसवलेला. चुकणारं जित्राब ओळखून घंटी बांधणारा हात काही विसरला नव्हता.

इरप्पाने घड्याळ सोडून हातात घेतलं. आता बाणूबाई कुठे आहे हे सांगणारं जगात काहीच उरलं नव्हतं. कडुनिंबाखाली ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती आणि त्यांची बोटं विहिरीकडे होती.

पुढे जायला त्याचे पाय धजावेनात. विहिरीत डोकावण्यापेक्षा आपणच तिथे मरून पडावं असं त्याला वाटलं. हाक मारावी तर काय म्हणून? नाव त्याने जन्मात घेतलं नव्हतं आणि 'अगं'ला ती हल्ली ओळखत नव्हती. मग त्याच्याही नकळत त्याची जीभ टाळूला लागली आणि गळ्यातून ती लांब, चढत जाणारी हाळी निघाली. मेंढरं परतीला लावायची हाळी, बारा वर्षांत न दिलेली. ती माळावरून ऐकू आली की बाणूबाई पालापाशी चूल पेटवायची.

आवाज मध्येच फाटला. त्याने पुन्हा हाळी दिली.

विहिरीच्या बाजूने बाणूबाई आली. ओच्यात बाभळीचा पाला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. इरप्पा त्या ओल्या पायांकडे बघत मटकन खाली बसला आणि रडला. लपवायचं त्याला सुचलंही नाही.

ती जवळ आली. तिने कोकराचा मोकळा गळा पाहिला, मग त्याच्या हातातलं घड्याळ.

"घंटी कामून सोडलाव?" तिने विचारलं. मग त्याचं ओलं तोंड न्याहाळलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "कोन्या गावचं तुमी, अण्णा? वाट चुकलाव काय?"

 इरप्पाने नुसती मान डोलावली.

"भ्याव नगा. आमचं मालक येतेत आता, हाळी आली बगा त्यांची. ते वाटंला लावतील तुमाला." तिने पाला कोकरापुढे टाकला, त्याच्या हातातून घड्याळ घेतलं आणि त्याच्याच मनगटावर बांधलं. "हे ऱ्हाऊ द्या. घरचे हुडकत असतील तुमाला."

तो तिला धरून बैठकीत घेऊन आला. खरं म्हणजे तीच त्याला घेऊन आली, पाहुण्याला आणावं तशी. धावताना कटलेला फोन केव्हाचा वाजत होता, तो त्याने उचलला. अव्वा अजून गोठ्यातच दिसतेय, सापडली का, असं योगीराज विचारत होता.

"सापडली," इरप्पा म्हणाला. "बाजूलाच हाय."

घड्याळ परत तिच्या हाताला बांधायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण दर थोड्या वेळाने ती त्याच्या मनगटाकडे बघून घ्यायची, पाहुणा जागेवर आहे ना म्हणून. इरप्पाने दुसऱ्या हाताने तिचा पदर धरून ठेवला आणि घड्याळाचा हात तिला दिसेल असा गुडघ्यावर ठेवून बसून राहिला.